ओदाइर आणि उरलेली वीस मिनिटं

ओदाइर चालताना दर चार-पाच पावलांनी मागे वळून बघायचा. आधी डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. रस्त्यात, स्टेशनवर, कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, दुधाच्या कपाटासमोर उभा असताना, अगदी आमच्या घरी जेवायला बसला तरी. नागोयाच्या रस्त्यावरून त्याच्याबरोबर पहिल्यांदा चाललो तेव्हा माझी खात्री झाली की या माणसाच्या मागे कोणीतरी लागलं आहे. मी जन्माचा घाबरट, त्यामुळे त्याच्या जोडीने मीही मागे बघायला लागलो. मागे एक म्हातारी सायकलच्या टोपलीत कांद्याची पात घेऊन येत होती.

"कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "पण कोणी नाही, हे बघावं लागतं."

ओदाइर व्यावसायिक फुटबॉलपटू होता, ब्राझीलचा, आणि बचावपटू. बॉल समोर असतो पण धोका पाठीमागून येतो, म्हणून मान सतत फिरती ठेवायची, हे त्याला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं. मैदानावरची सवय मैदानाबाहेर काढून ठेवता येत नाही, असं तो म्हणायचा. मला ते लगेच पटलं, कारण ऑफिसातली धास्ती मीही रोज घरी घेऊन येत होतो.

दोन हजार चार-पाचचा तो काळ. पुण्या-मुंबईच्या कंपन्या सॉफ्टवेअरवाल्यांना घाऊक भावात जपानला पाठवत होत्या. त्या लोंढ्यात मी नागोयात येऊन पडलो, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामावर. बरोबर बायको वर्षा आणि पाच वर्षांची मुक्ता. व्हिसा एका वर्षाचा, पुढचा मिळेल तेव्हा खरा. गिऱ्हाईक कंपनीने तक्रारीचा एक शब्द काढला की आपली पुण्याला रवानगी, असं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात ते पक्कं होतं. वर्षा म्हणायची, "तुला कोणी ओरडलं नाही तरी तू ओरडा खाल्ल्यासारखा बसतोस."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि ओदाइर त्याच इमारतीत तळमजल्यावर, बायको रोझाना आणि मुलगी लिव्हिया यांच्याबरोबर. वय चौतीस, उंची सव्वासहा फूट, डोकं पूर्ण भादरलेलं. लिव्हिया तीन वर्षांची असताना जपानला आली होती आणि आता जपानी शाळेत पाचवीत होती. पोर्तुगीज तिला ऐकून कळायचं, पण बोलताना ती अडखळायची आणि लिहिता तर येतच नव्हतं. आमची मुक्ताही तेव्हा मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायला लागली होती, त्यामुळे त्या मुलीकडे बघितलं की मला आमचंच पुढचं पान दिसायचं.

ओदाइरचं जपानी मैदानापुरतं होतं: उजवीकडे, डावीकडे, वर चला, मागे या, थांब. माझं जपानी ऑफिसपुरतं होतं: क्षमा असावी, तपासून सांगतो, पुन्हा एकदा क्षमा असावी. फार अडलं की लिव्हियाला हाक मारायची. इथे त्याची जी वाक्यं दिली आहेत ती मी मराठीत सरळ करून घेतलेली आहेत.

त्याचं गाव साओ पावलोच्या आतल्या भागात, चहूकडे ऊस असलेलं. लहानपणी तो आघाडीला खेळायचा. चौदाव्या वर्षी क्लबच्या निवडीला गेला तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने त्याची उंची बघितली आणि "तू मागे जा" एवढंच म्हटलं. त्यानंतरच्या वीस वर्षांत अकरा क्लब झाले. त्यातले दोन बंद पडले. एकाचं मैदान पावसाळ्यात नदीखाली जायचं, तेव्हा सगळा संघ शाळेच्या पटांगणावर सराव करायचा. जपानमधला हा तिसरा क्लब, दुसऱ्या श्रेणीतला. करार मात्र सगळीकडे एकेका वर्षाचेच. "मला आयुष्यात दोन वर्षांचं असं काही मिळालेलंच नाही," तो एकदा म्हणाला, "लिव्हिया आणि रोझाना सोडून."

त्याच्याकडे कात्रणांची एक वही होती. मी उत्सुकतेने उघडली. प्रत्येक फोटोत दुसराच कोणीतरी दोन्ही हात पसरून धावत होता आणि कोपऱ्यात ओदाइर गवतावर बसलेला, किंवा कमरेवर हात ठेवून उभा. मी गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. "बचावपटूचा फोटो कधी छापतात?" तो म्हणाला. "त्याचं चुकतं तेव्हा. मी चांगला खेळलो त्या दिवशी पेपरात काहीच येत नाही." रोझानाने ती वही तरीही नीट प्लास्टिकचं वेष्टण घालून ठेवली होती.

आमच्या गिऱ्हाईक कंपनीचा त्याच्या क्लबला आश्रय होता. एके दिवशी साहेबांच्या मनात आलं की खेळाडूंचं काम मोजणारा एक प्रोग्राम क्लबला भेट द्यावा. सामन्याचं चित्रीकरण बघत बसायचं, कोणी काय केलं ते कळा दाबून नोंदवायचं, शेवटी प्रत्येकाचा तक्ता तयार. हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. फुटबॉलमध्ये गोल सोडून काय मोजायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी वही घेऊन तळमजल्यावर गेलो आणि विचारलं, बचावपटूचं काम कशावरून मोजायचं?

ओदाइरने काळ्या घेवड्याच्या उसळीची वाटी माझ्यापुढे सरकवली. "बॉल माझ्या बाजूने यायला निघतो आणि मला बघून परत जातो. ते मोजा," तो म्हणाला. मी विचारलं, आणि घसरून बॉल काढतात ते? लोक त्यालाच तर टाळ्या वाजवतात. "मी घसरलो म्हणजे मला उशीर झालेला असतो," तो म्हणाला. "माझी चड्डी स्वच्छ असेल तर समजा सामना चांगला गेला."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि वर जाऊन त्यातलं काहीच वापरलं नाही. न घडलेल्या गोष्टीसाठी तक्त्यात रकाना कसा करायचा? जे दिसतं ते मोजलं: धावलेलं अंतर, अडवणुका, डोक्याने मारलेले बॉल, पास. वर हौसेने रंगही घातले. चांगल्या आकड्यांना हिरवा, वाईट आकड्यांना लाल. सहा सामन्यांचा पहिला तक्ता क्लबला पाठवला आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर गेलो तर प्रशिक्षक ओकुदा-सान यांनी तो तक्ता मोठा करून कपडे बदलायच्या खोलीत लावलेला. अठरा नावं. सगळ्यांत खाली ओदाइर, डावीकडून उजवीकडे लालभडक.

तो त्या कागदासमोर उभा होता. मला बघून म्हणाला, "रंग छान आहेत." त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्याचा करार जानेवारीअखेर संपत होता. पुढचा करार ओकुदा-सान यांच्या शब्दावर ठरणार होता, आणि त्या शब्दाला आता माझा कागद जोडला गेला होता.

त्याला आणखी एकच वर्ष हवं होतं. लिव्हियाची सहावी झाली की जपानी प्राथमिक शाळा पूर्ण होते. पदवीदान होतं, गाणं म्हणतात, दाखला मिळतो. मग सगळे ब्राझीलला परतणार आणि तिथे ती पोर्तुगीजची पहिली पाटी हातात घेणार. "अर्ध्या वर्गातून उठवून नेलं तर तिच्याकडे इथलंही काही पूर्ण नाही आणि तिथलंही नाही," रोझानाने वर्षाला सांगितलं होतं. हे वर्षाने मला सांगितलं त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही.

मग मी ठरवलं की तक्ता पुन्हा करायचा. ओदाइरने पहिल्या दिवशी सांगितला होता तसा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे सगळे रविवार, सामने नसतील त्या वेळी, आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. वर्षा पोहे करायची, तो त्यावर लिंबू पिळून तीन-तीन बशा खायचा. मी चित्र थांबवायचो, तो बोट ठेवून सांगायचा. "हा बघा, याला इथून आत यायचं होतं. मी दोन पावलं डावीकडे सरकलो. त्याने मला पाहिलं. आता तो बॉल मागे देईल." आणि तो खेळाडू बॉल मागे द्यायचा. "बॉलकडे बघू नका, त्याच्या कमरेकडे बघा. माणूस पायाने फसवतो, कमरेने फसवता येत नाही." एका सामन्यात आम्ही असे एकतीस वेळा परतलेले हल्ले मोजले. एकदाही तो घसरला नव्हता. नोकरीला लागल्यापासून एवढा खरा तक्ता मी केला नव्हता.

पण खरा तक्ता सगळंच खरं सांगतो. आठव्या-नवव्या सामन्यानंतर माझ्या लक्षात आलं की शेवटच्या टप्प्यात आकडा घसरतो. मी मिनिटांप्रमाणे वेगळं करून पाहिलं. सत्तराव्या मिनिटापर्यंत ओदाइरच्या बाजूने कोणी जाऊ शकत नव्हतं. त्यानंतर मात्र जात होते, एका मागोमाग एक. हंगामाच्या अखेरच्या सामन्यांत खाल्लेले बहुतेक गोल शेवटच्या वीस मिनिटांत, आणि त्याच्याच बाजूने आलेले होते.

मी पडद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो त्याच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवून बसला होता. "सत्तर मिनिटं तो माझं ऐकतो," तो म्हणाला. "मग नाही ऐकत." क्लबला माहीत नव्हतं. तळमजल्याचं घर त्याने मुलीच्या सायकलचं कारण सांगून क्लबकडून मागून घेतलं होतं, तेही जिना नको म्हणून.

वर्षाने पोह्यांची बशी ठेवली आणि कोणी हात लावला नाही. मग मी एक वाक्य बोललो. आयुष्यात रहदारीचा सिग्नलही न मोडलेला मी. "तक्ता सत्तर मिनिटांपर्यंतच देऊ या. वर लिहू, पहिली सत्तर मिनिटं. खोटं काहीच नाही." त्याने नुसती मान हलवली. होय की नाही, हे मला त्या मानेवरून कळलं नाही. मी ते होय धरलं.

तक्ता गेला. ओकुदा-सान साठीचे, शांत, बोलण्यापेक्षा हुंकार जास्त देणारे गृहस्थ. त्यांनी माझ्यासमोर प्रत्येक पान सावकाश वाचलं, शीर्षकावर बोट ठेवलं, "सत्तर मिनिटं," असं स्वतःशीच म्हणाले आणि कागद खणात ठेवला. त्यांनी काही विचारलं नाही. डिसेंबरात ओदाइरला एक वर्षाचा करार मिळाला, आणि रोझाना आमच्या दारात उभी राहून वर्षाच्या गळ्यात पडून रडली.

मला मात्र त्या दिवसापासून झोप नव्हती. हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात सत्तराव्या मिनिटाला मैदानाच्या कडेला आकड्याची पाटी वर झाली. चार नंबर. ओदाइर बाहेर, बदली खेळाडू आत. मी म्हटलं योगायोग असेल. पुढच्या सामन्यात पुन्हा सत्तराव्या मिनिटाला चार नंबर. त्याच्या पुढच्या सामन्यातही तेच. मला कळून चुकलं की ओकुदा-सान यांना सगळं माहीत आहे आणि ते योग्य वेळेची वाट बघत आहेत. प्रत्येक सोमवारी ऑफिसात शिरताना मी साहेबांच्या टेबलाकडे आधी बघायचो. "आज बोलावतील," मी वर्षाला सकाळी सांगायचो. संध्याकाळी ती विचारायची, "बोलावलं?" आणि मी म्हणायचो, "उद्या."

ओदाइरला एकदा विचारलं, त्यांना कळलं असेल का? त्याने सवयीने मागे पाहिलं आणि म्हणाला, "नेने-सान, तुमच्या मागे कोणी नाही. मी बघितलंय." मला वाटलं तो नुसता धीर देतोय.

एका सामन्यात मात्र दोघे जण जखमी झाले, गोलरक्षकही बदलावा लागला, आणि एका सामन्यात मिळणाऱ्या तिन्ही बदल्या सत्तराव्या मिनिटाआधीच संपल्या. ओदाइरला शेवटपर्यंत थांबावं लागणार होतं. वर्षा, मुक्ता, रोझाना, लिव्हिया आणि मी गोलच्या मागच्या बाजूला बसलो होतो. ती वीस मिनिटं मी घड्याळाकडेच बघत काढली. तो हातांनी आणि आवाजाने खेळत होता, उजवीकडे, मागे या, थांब, पण पाय लांब पडत होते. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला एक पोरगेलासा खेळाडू त्याच्या उजव्या बाजूने सरळ निघून गेला आणि गोल झाला. सामना गेला. शिट्टीनंतर ओदाइर एकटा आमच्या बाजूला आला आणि प्रेक्षकांपुढे कमरेत वाकून उभा राहिला, खूप वेळ. लिव्हियाही आमच्या शेजारी उभी राहून तशीच वाकली. ओकुदा-सान यांची मान वर, आमच्या दिशेला वळली, आणि मी खाली बघितलं. त्या सोमवारी मी घरून निघतानाच पुण्याला परतायच्या सामानाचा हिशोब मनात करत होतो. कोणीही काही बोललं नाही. उलट महिन्याभराने कंपनीने माझं काम दोन वर्षांनी वाढवलं. हे नशीब म्हणायचं की काय, मला कळेना.

हंगाम संपला, ओदाइरचा करार संपला. घर मार्चअखेरपर्यंत ठेवायला क्लबने हरकत घेतली नाही. लिव्हियाने पदवीदानाला निळा किमोनो घातला, गाणं म्हटलं, दोन्ही हातांनी दाखला घेतला. ओदाइर मागच्या रांगेत उभा राहिला, कारण पुढे बसला असता तर मागच्यांना दिसलं नसतं. तो हमसून रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

आठवड्याने ते गेले. विमानतळावर पोचवायला आम्ही होतो आणि ओकुदा-सानही आले होते. वर्षा आणि मुक्ता मैत्रिणीच्या गाडीतून परतल्या, आणि मी नेमका ओकुदा-सान यांच्या शेजारी रेल्वेत बसलो. गाडी खाडीवरच्या पुलावर आली तेव्हा मला राहवेना. दीड वर्ष गिळलेलं एका दमात बाहेर आलं. म्हणालो, तो तक्ता अपुरा होता. कल्पना माझी होती. क्षमा असावी.

ओकुदा-सान यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "तुमची?" ते म्हणाले. "ओदाइर-सान तसं म्हणाले नव्हते."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. तक्ता पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओदाइर त्यांच्या घरी आला होता. क्लबचा दुभाषा आणला असता तर सगळ्या क्लबला कळलं असतं, म्हणून बरोबर लिव्हियाला घेऊन. त्याने आपला गुडघा दाखवला. तक्ता अर्धा आहे आणि तो मीच नेने-सानना अर्धा करायला लावला, असं म्हणाला. नेने-साननी नको म्हटलं होतं, पण मी गळ घातली, असंही. त्यांना बोल लावू नका, त्यांचा व्हिसा दर वर्षाचा असतो. "मुलगी एकेक वाक्य जपानीत सांगत होती," ओकुदा-सान म्हणाले. "तुम्ही नको म्हटलं होतं, या वाक्यापाशी ती थांबली. वडिलांनी तिला पुन्हा तेच वाक्य सांगितलं. मग तिने ते नीट सांगितलं. मी त्यांना म्हटलं, मला सत्तर मिनिटांचा बचावपटू चालेल."

ते एवढं बोलून खिडकीबाहेर बघायला लागले. त्या सकाळनंतरचं अख्खं वर्ष लिव्हिया रोज संध्याकाळी मुक्ताशी खेळायला आमच्या घरी यायची. मी कपाळाला आठ्या घालून टेबलाशी बसलेला असायचो. "ओजिसान," म्हणजे काका, "दमलात का?" असं विचारायची. एका शब्दाने तिने कधी काही सांगितलं नाही.

त्याला फोन लागायला दहा दिवस गेले. पलीकडे कोंबडा आरवत होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? मी वर्षभर घाबरत होतो.

"तुम्ही तसेही घाबरतच होतात," ओदाइर म्हणाला. "सांगितलं असतं तर माझ्यासाठी रडत बसला असतात. आणि ते नको, मी बरा आहे." मग त्याने मुक्ता मराठी बोलायला लागली का ते विचारलं, लिव्हियाला पोर्तुगीजची अक्षरं येऊ लागली आहेत ते सांगितलं, आणि कार्डावरचे पैसे संपून फोन तुटला.

वर्षा स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय म्हणाला?" मी फोन खाली ठेवला. त्या सबंध वर्षात रोज सकाळी आरशात बघताना मला वाटायचं की या माणसाला मी वाचवलं आहे. घाबरत का होईना, पण मी वाचवलं आहे. तेवढ्या एका गोष्टीचा मला अभिमान होता.